एकाच पेल्यातून

माळीवाड्याच्या वेशीतून तुम्ही आत शिरता तेव्हा साल १८४१ आहे. अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, कमरेच्या कशात चार पैसे. नगर शहर साडेतीनशे वर्षांचं झालंय. निजामशाही कधीच बुडाली, पेशवाईही गेली, आता कंपनी सरकारचा अंमल आहे. पण निजामशाहीनं कापूरवाडीकडून खापरी नळांनी आणलेलं पाणी अजून शहरात वाहतंय. दुपारचं ऊन आहे, घसा कोरडा पडलाय. समोर हौद दिसतो आणि तुम्ही ओंजळ पुढे करता.

"थांबा. कोण म्हणायचं आपण?"

विचारणारी बाई मुळीच रागावलेली नाही. घागर कमरेवर घेऊन ती उत्तराची वाट बघतेय. तुमचं नाव, गाव, धंदा यातलं तिला काही नको आहे. पाणी घालायचं ते वरून घालायचं की भांडं हातात द्यायचं, की तुम्हाला पलीकडच्या वस्तीकडे पाठवायचं, एवढंच तिला ठरवायचंय. या शहरात पाण्याच्या आधी हा प्रश्न येतो. पुढच्या पावणेदोनशेहून जास्त वर्षांच्या प्रवासात तो तुमची पाठ सोडणार नाही, तेव्हा नीट लक्षात ठेवा.

रविवारी तुम्ही अमेरिकन मिशनच्या उपासनेला जाऊन बसता. ही मंडळी १८३१ च्या डिसेंबरात नगरला आली. दहा वर्षांत त्यांनी शाळा काढल्या, मराठी शिकून घेतलं, बाजारात उभं राहून वादही घातले. त्यांच्यातल्या सिंथिया फरार बाई दोन वर्षांपूर्वी नगरला येऊन मुलींना शिकवू लागल्यात. पुढे याच शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परततील आणि सावित्रीबाईही त्यांच्याकडे शिक्षकी शिकायला येतील. पुढच्या वर्षी, १८४२ साली, हेन्री बॅलंटाइन इथूनच 'ज्ञानोदय' सुरू करतील. पण आज तुम्ही वेगळंच काही पाहायला आला आहात.

प्रभुभोजनाची वेळ होते. भाकरीचे तुकडे फिरतात. मग पेला निघतो. पेला एकच आहे. पहिल्या रांगेत हरी रामचंद्र खिस्ती बसलेत. नगरचे ब्राह्मण, १८३९ साली बाप्तिस्मा घेतलेले. त्यांच्या शेजारी आणि मागे महारवाड्यातून आलेली माणसं आहेत. पेला एका ओठाकडून दुसऱ्या ओठाकडे जातो. मध्ये कुणी तो धूत नाही, कुणी द्रोणात ओतून घेत नाही. तुमच्या उजवीकडच्या माणसाच्या हाताला चामड्याचा वास आहे. तो पितो, मिशा पुसतो आणि पेला तुमच्या हातात देतो.

तुमचे हात क्षणभर थबकतात. ख्रिस्ती झाल्यावर देवाबद्दलचे विचार बदलायला वेळ लागत नाही. ओठ बदलायला लागतो. रक्तात मुरलेली शिसारी प्रवचनानं जात नाही, पेला तोंडाला लावावाच लागतो. मिशनची अटही सरळ आहे. मंडळीत यायचं तर जात दाराबाहेर ठेवून यायचं, ब्राह्मणाला वेगळं बाक मिळणार नाही. हरिपंतांना शहरात 'बाटला' म्हणतात ते या पेल्यावरूनच. येशूला गुरू मानलं असतं आणि घरी येऊन सोवळ्यात जेवले असते, तर नगरनं त्यांना कदाचित खपवूनही घेतलं असतं. पुढे १८५४ साली त्यांना आणि रामकृष्णपंत मोडकांना पाळकपदाची दीक्षा मिळेल, आणि महारवाड्यातली माणसं ज्यात बसतात अशा मंडळीचं पाळकपण हे दोघे ब्राह्मण करतील.

तुम्ही पेला ओठाला लावता. आता चला पुढे.

साल १८७५ च्या सुमाराचं. नेवासे तालुका, वडाळ्याच्या आसपासचं एक गाव. वडाळ्यात सॅम्युअल फेअरबँक साहेबांचं मिशन आहे. या खेपेला तुम्ही पाहुणे नाही. तुम्ही महारवाड्यात जन्मलात आणि दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलात.

तुमचा दिवस गावानं ठरवून दिलेला आहे. चावडीवर हजर राहायचं, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचं, आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला गवत आणायचं, हद्दीच्या भांडणात साक्ष द्यायची, मेलेलं ढोर ओढून न्यायचं. मोबदल्यात खळ्यावरचं बलुतं आणि संध्याकाळी दारोदार मिळणारी भाकरी. पाटील समोर आला की वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचं.

आज सकाळी पाटील वाटेत भेटतो. तुम्ही उभे राहता, हात कपाळाशी नेता आणि म्हणता, "सलाम, पाटील."

एवढ्यावर गावात चर्चा होते. नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती एकमेकांना 'सलाम' करतात, पाळकाला करतात, साहेबाला करतात, तोच सलाम तुम्ही पाटलाला केलात. उद्धटपणा केला नाहीत, फक्त वाकला नाहीत.

संध्याकाळी चावडीवर बोलावणं येतं.

"मरीआईची जत्रा आलीया. रेड्याचं काम तुमच्या घराकडं हाय. करणार का न्हाई?"

"पाटील, टपाल नेतो, गवत आणतो, सांगाल ते कष्टाचं काम करतो. रेड्याचं न्हाई करत. आन् ऐतवारी मला सोडा."

"मग भाकरी कोन देनार तुला? साहेब?"

हसतात सगळे. तुम्ही घरी येता. बायको रिकामी टोपली घेऊन परतलेली असते. आज एका घरानं भाकरी घातली नाही, उद्या चार घालणार नाहीत. मृत ढोराचं मांस तुम्ही आधीच सोडलंय, म्हणजे तोही आधार गेला. विहिरीवर तुम्हाला हक्क नव्हताच. आता आपल्याच वस्तीच्या पाणवठ्यावर भावकी तोंड फिरवते, कारण तुम्ही देवीचा कोप ओढवून घेतलाय असं तिला वाटतं. 'भाकरीसाठी बाटले' असं शहरातली शिकलेली मंडळी म्हणतात. मिशनच्या आश्रयाला भुकेपोटी आलेली माणसंही पुष्कळ होती, ते नाकारून चालणार नाही. पण तुमच्या चुलीपुढं बसून हिशेब केला तर बाप्तिस्म्यानंतर भाकऱ्या कमी झालेल्या दिसतात. त्या रात्री ज्वारीच्या कण्या शिजतात. खायला बसण्याआधी तुम्ही प्रार्थना करता, आणि थोडक्या अन्नासाठी आभार मानताना शब्द अडखळतात.

तुमच्या पदरात एक गोष्ट मात्र पडलीय. मिशनच्या शाळेत पोरगा मोडी आणि बाळबोध वाचायला शिकलाय. चार महिन्यांनी तालुक्याहून एक कागद येतो. कुलकर्णी परगावी गेलेला असतो. पाटील निरोप धाडतो. नऊ वर्षांचं पोर ओसरीच्या खाली, अंगणात उभं राहतं. पाटील कागद हातात देत नाही, उंबऱ्यावरून खाली टाकतो. पोर तो उचलतं, धूळ झटकतं आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवतं. मधल्या एका शब्दाचा अर्थ पाटलाला लागत नाही, तोही पोरगंच समजावून सांगतं. पाटील गप्प ऐकून घेतो. आतून पाटलीणबाई एक भाकरी आणि गुळाचा खडा देते, तेही वरून टाकून. एका दिवसात याहून जास्त बदलत नाही. पण पुढच्या जत्रेला रेड्यासाठी तुम्हाला कुणी बोलावत नाही.

आता १९०० साल. ठिकाण राहुरी.

विक्रम संवत छप्पनच्या दुष्काळानं मुळेकाठच्या या मुलखाची रया गेलीय. झाडांना पाला नाही, गुरांच्या हाडांचे ढीग रस्त्याकडेला पडलेत, खडी फोडायच्या सरकारी कामांवर माणसं कणाकणानं मरतायत. जिल्हाभर अनाथ पोरं मिशनच्या आवारात येतायत. नगरमध्ये रॉबर्ट ह्यूम हे काम उरावर घेऊन धावतायत. पुढच्या वर्षी त्यांना त्यासाठी कैसर-इ-हिंद पदक मिळेल.

या धामधुमीत तुम्ही एका घरी पाणी भरायला लागला आहात. घर नारायण वामन टिळकांचं. कवी आहेत, वक्ते आहेत. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि कोकणस्थ ब्राह्मणाच्या धर्मांतरानं महाराष्ट्र हादरला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यापासून दुरावल्या. पाच-एक वर्षांचा वियोग भोगून त्या आता नवऱ्याकडे आल्यात. पण ख्रिस्ती म्हणून नव्हे. एका छपराखाली राहायचं, चूल आपली वेगळी, भांडी वेगळी, पाणी वेगळं.

म्हणजे तुमच्या कामाला या घरात दोन बाजू आहेत. एका बाजूला भरलेलं पाणी कुणीही प्यावं. दुसऱ्या बाजूच्या घागरीला तुम्ही शिवायचं नाही. टिळक बायकोवर सक्ती करत नाहीत. दोघं वाद घालतात, रुसतात, हसतात. लक्ष्मीबाईंची जीभ तिखट आहे आणि विनोद त्याहून तिखट, नवऱ्यालाही त्या सोडत नाहीत. पण घागरीच्या बाबतीत त्यांचं ठाम आहे.

ते ठाम का आहे हे समजून घ्या. नाशिकजवळच्या जलालपूरला त्या वाढल्या. वडिलांना सोवळ्यानं झपाटलेलं होतं, इतकं की बाजारातून आलेले जिन्नसही धुतल्याशिवाय घरात येत नसत. त्या सोवळ्यापायी आईनं काय सोसलं, पोरांनी काय सोसलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. तरीही पाण्याचा विटाळ त्यांच्या अंगात आहे, कारण तो तर्कानं आलेला नाही. लहानपणी दात येतात तसा तो आलेला आहे.

आणि मग याच दिवसांत ते घडतं. पाळकाचं प्रवचन नाही, चमत्कार नाही. बाई एकट्या बसून विचार करतात. माणूस देवानं घडवला. पशू घडवले, पक्षी घडवले, त्यांच्या जाती दिसतात. पण माणसातली ही जात देवानं केली असेल तर तिची खूण अंगावर कुठे आहे? खूण नाही, म्हणजे ही माणसांची करणी. विचार इथवर आला की बहुतेक लोक टाळ्या वाजवतात आणि आपल्या घागरीकडे परततात. लक्ष्मीबाई परतत नाहीत. त्या ठरवतात की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं.

तुम्ही नेहमीसारखे पाणी घेऊन येता आणि सवयीनं दुसऱ्या बाजूची घागर टाळता. बाई म्हणतात, तीही भर. तुम्ही गोंधळून उभे राहता. घागर भरता तेव्हा हात थरथरतात. तुमच्या उभ्या जन्मात अशी घागर तुम्ही कधी भरलेली नाही. थरथर तुमचीही आहे आणि त्यांचीही. पिताना त्यांचा घोट घशाशी अडला असेल, पण तो त्यांनी गिळला.

क्रम पाहिलात? बाप्तिस्मा यानंतर आला, त्याच वर्षी. घागर आधी बाटली, बाई नंतर ख्रिस्ती झाल्या. एखाद्याला वाटेल की ही उलटी गंगा आहे. पण नगरच्या मातीत ख्रिस्ती विश्वासाची खरी परीक्षा याच क्रमानं होत आली. पुढे या घरात पोरकी मुलं वाढली, आजारी माणसांची शुश्रूषा झाली, त्र्यंबक ठोमरे नावाचा एक हळवा तरुण, ज्याला महाराष्ट्र 'बालकवी' म्हणून ओळखतो, नगरला त्यांच्याकडे राहून गेला. तो काही ख्रिस्ती झाला नाही. त्याला जेवायला वाढताना कुणी ती अटही घातली नाही. लक्ष्मीबाईंनी हे सगळं 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय, स्वतःची फजिती करत. मराठीत असं पुस्तक पुन्हा झालं नाही.

तुम्हाला आता १९१७ च्या सप्टेंबरात उतरायचंय.

टिळक आता पंचावन्न वर्षांचे आहेत. 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचं संपादन त्यांच्याकडे आहे. तुम्ही भजनाला बसता. टाळ आहेत, मृदंग आहे. अभंग चाललाय, पण अभंगातली माउली आहे येशू. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या या लोकांना बाक आणि ऑर्गनची आठवणही येत नाही. नगरला ही परंपरा टिळकांच्या आधीपासून आहे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया इथेच घातला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं टिळक उघडपणे सांगत. साहेबी कोट चढवून आणि नाव बदलून ख्रिस्ती झाल्याचं दाखवायची त्यांना गरज भासली नाही. नारायण राहिले, वामनाचे पुत्र राहिले, टिळक राहिले.

पण त्यांना आतून काहीतरी टोचत होतं. आपल्या विश्वासाचं मोल परदेशातून आलेल्या पगारात होतंय, ऐकणाऱ्याला आपण संत न वाटता नोकर वाटतो, ही ती टोचणी. ८ सप्टेंबर १९१७ ला त्यांनी संन्यासाचा मार्ग धरला आणि मिशनचा पगार सोडला. 'देवाचा दरबार' उभा करायचा, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही यावेत, असा त्यांचा मनसुबा. लोकांना ते वेडेपण वाटलं. मंडळीतल्याही पुष्कळांना वाटलं, आणि घर चालवणाऱ्या बायकोपुढे प्रश्न उभे राहिलेच. संन्यास नवऱ्यानं घ्यावा आणि डाळ-तांदळाचा हिशेब बायकोनं करावा, ही आपली जुनी रीत ख्रिस्ती घरातही टळली नाही. दरबार नीट उभा राहण्याआधीच, ९ मे १९१९ ला, टिळक मुंबईत वारले. हाती घेतलेलं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. दहाएक अध्याय त्यांनी लिहिले होते, उरलेला डोंगर लक्ष्मीबाईंनी उपसला.

एक उडी आणखी. नगर जिल्ह्यातलंच हरेगाव, १६ डिसेंबर १९३९. महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद भरलीय, बाबासाहेब आंबेडकर बोलतायत. वतन ही गुलामी आहे, हा त्यांचा मुद्दा. नेवाशाच्या चावडीवर तुम्ही एकट्यानं रेड्याचं काम नाकारलं होतं. इथे हजारो माणसं उभं वतनच नाकारायला जमली आहेत, आणि त्यासाठी येशूचं नाव घ्यावं लागत नाही. कायद्यानं ही वतनं जाईपर्यंत १९५८ साल उजाडेल.

आता तुमच्या स्वतःच्या काळात या. त्याच हरेगावात सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. कॅथलिक मंडळींची ही यात्रा. पालख्या, पायी आलेल्या दिंड्या, नवस, नारळ, मेणबत्त्या. गर्दीत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात आणि त्यांना कुणी हटकत नाही. नगर शहरात १९४७ साली भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी काढलेलं अहमदनगर कॉलेज आहे, सर्व जातिधर्मांच्या पोरांनी गजबजलेलं. १९९३ पासून हर्मन बाखर या जेझुइट फादरांच्या पुढाकारानं नगरमधून चाललेल्या पाणलोटाच्या कामानं कोरड्या गावांत पाणी अडवलं. पाणी अडलं ते सगळ्या गावाचं, बाप्तिस्म्याचा दाखला न बघता. पाण्यासाठी 'कोण म्हणायचं' विचारणाऱ्या मुलखात हे लहान काम नव्हे.

पण प्रवास इथे गोड करून संपवता येणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना दिल्या, पुढे १९५६ ला शिखांना आणि १९९० ला बौद्धांना. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचं हा प्रश्न घराघरांत असतो. कुणी खरं लिहून फी भरतो, कुणी जुनी जात ठेवून चर्चला जातो. पोट भरलेल्यांनी त्याला खोटं म्हणू नये. बाप्तिस्म्याची किंमत पाटलानं एकदा वसूल केली होती, आता ती तहसील कचेरीत भरावी लागते.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे, कारण ती आपल्याच घरातली आहे. लग्न जमवायला बसा. मुलगी शिकलेली, मुलगा नोकरीचा, दोन्ही घरं चर्चला जाणारी. चहा होतो, प्रार्थना होते. मग कुणीतरी वडीलधारं खाकरतं आणि विचारतं, "तसं मूळचं कोण म्हणायचं आपण?" महारांतले, मांगांतले, आणि क्वचित वरच्या जातीतले, हा हिशेब पाच पिढ्यांनंतरही चालू आहे.

मंडळीचं वेगळेपण चर्चच्या मनोऱ्यावर किंवा गळ्यातल्या क्रुसावर शोधू नका. हरिपंतांनी पेला तोंडाला लावला, नेवाशाकडच्या कुणा अनामिकानं रेडा नाकारला, लक्ष्मीबाईंनी घागर भरू दिली. ते वेगळेपण या कृतींत होतं, आणि प्रत्येकीचं मोल त्यांनी रोख चुकतं केलं. त्यांच्या वारशावर हक्क सांगायचा असेल तर पुढच्या सोयरिकीच्या बैठकीत तो प्रश्न विचारू नका. आणि दुसऱ्या कुणी विचारला, तर उत्तर देऊ नका.